ऑस्ट्रेलियातलं पहिलं वर्ष : सांगलीत सगळे विचारतात म्हणून एकदाच लिहिते

आयर्विनपूल

महिनाभरासाठी सांगलीत आले आहे. रोज कुणी ना कुणी येतं, चहा होतो आणि कप खाली ठेवता ठेवता प्रश्न येतो, "मग, सेट झालात की नाही?" नवरा "एकदम झकास" म्हणून मोकळा होतो. मला तेवढ्यात उत्तर देता येत नाही. शिवाय आमच्या विश्रामबागेतल्याच दोन घरांत कागदपत्रं जमवणं सुरू आहे. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहिते. विचारायचं ते खाली विचारा.

आमचं थोडक्यात: नवरा सिव्हिल इंजिनिअर, वालचंदचा. मी गणिताची शिक्षिका, बी.एस्सी. बी.एड. निघताना मुलाला नुकतं तिसरं वर्ष पूर्ण झालं होतं. व्हिसा 190, राज्याने नामांकन दिलेला, कायमचा. 2024 च्या जुलैत मेलबर्नला उतरलो, तिथल्या टार्निट या उपनगरात भाड्याने राहतो. पॉइंट, परीक्षा, एजंट यावर इथं ढीगभर धागे आहेत, ते पुन्हा उगाळत नाही. उतरल्यानंतरचं लिहिते.

"कुटुंब गेलं" असं आपण म्हणतो, पण तिथं पोचल्यावर एकाच घरातल्या प्रत्येकाचं वर्ष वेगळं निघतं. नवऱ्याला नोकरी लागेपर्यंत आम्हा दोघांचं दुखणं एकच होतं. नोकरी लागली आणि त्याला आयती माणसं मिळाली. डबा खाताना सोबत बसणारा श्रीलंकन, त्यांच्या फुटबॉलचे नियम समजावणारा म्हातारा सर्व्हेअर, कुठं काय स्वस्त मिळतं ते सांगणारी रिसेप्शनवरची बाई. मला असं आयतं काही नव्हतं, आणि पोराला तर भाषाच नव्हती. म्हणून माझं म्हणणं, "सेट झालात का" हे कमावत्या माणसाला विचारूच नये. घरात ज्याच्या ओळखी सगळ्यात कमी, त्याला विचारावं.

आता घराचं. तिथं भाडं आठवड्याचं सांगतात. आकडा ऐकून आधी बरं वाटतं, मग गुणाकार केला की घाम फुटतो. आमच्या भागात तीन बेडरूमचं घर आठवड्याला पाचशे डॉलरच्या घरात. शनिवारी पंधरा-वीस मिनिटं घर उघडं ठेवतात, रांगेत उभं राहून बघायचं, आवडलं तर ऑनलाइन अर्ज करायचा. अर्जात मागच्या घरमालकाचा दाखला आणि पगाराच्या पावत्या लागतात. आमच्याकडे पावत्या नव्हत्या, आणि मागचे घरमालक म्हणजे माझे सासरे! एका एजन्सीने तर पगार नाही म्हटल्यावर पुढचं ऐकूनच घेतलं नाही. शेवटी बँकेतली शिल्लक आणि नवऱ्याच्या सांगलीतल्या कंपनीचं पत्र जोडून घर मिळालं. अनामत महिन्याच्या भाड्याएवढी. ती घरमालकाच्या खिशात जात नाही, सरकारी प्राधिकरणाकडे जमा होते. सासऱ्यांना वर्षभरात ऑस्ट्रेलियातली कुठली गोष्ट मनापासून आवडली असेल तर ती ही.

राहायला गेल्यावर घराच्या स्थितीचा एक अहवाल देतात. व्हिक्टोरियात तो पाच कामकाजाच्या दिवसांत भरून परत द्यायचा असतो. प्रत्येक ओरखड्याचा, प्रत्येक डागाचा फोटो काढा. आळस करू नका, सोडताना याच कागदावर अनामत परत मिळते.

घर बघताना आमचा पहिला प्रश्न, "पाणी कुठवर येतं?" 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली तेव्हा माझ्या माहेरचा तळमजला बुडाला होता, त्यामुळे हा प्रश्न तोंडातून आपोआपच येतो. एजंट पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. पण त्यात खुळं काय आहे? मेलबर्नमधली मॅरिबिर्नाँग नदी ऑक्टोबर 2022 मध्ये लोकांच्या घरांत शिरली होती. तिथं एक बरं आहे, राज्य सरकारच्या नियोजन नकाशावर पत्ता टाकला की ती जागा पूरपट्ट्यात येते का ते फुकट कळतं. आपल्याकडे पूरपट्ट्याच्या निळ्या आणि लाल रेषांवर जेवढी भांडणं झाली तेवढ्यात कृष्णेचं पाणी दोनदा येऊन गेलं.

भाड्याचं घर म्हणजे तपासणी आलीच. पहिले तीन महिने येत नाहीत, नंतर सहा महिन्यांतून एकदा, आधी लेखी कळवून. पहिल्या तपासणीच्या आठवड्यात आम्ही दोघं पांढऱ्याशुभ्र ओट्यावरचे हळदीचे डाग घासत होतो. हळद सांगलीची, राजापुरी, तीही घरी दळलेली. ती कसली सोडतेय! भांड्यांचं लिक्विड झालं, खायचा सोडा झाला, लिंबू झालं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "उन्हात ठेव." ओटा कुठं उन्हात ठेवू? पण खिडकीकडच्या टोकाला जो डाग होता तो खरंच ऊन खाऊन फिका पडला. हळदीचा पिवळा रंग उन्हात टिकत नाही, कपड्यांवरच्या डागाला आपण तेच करतो. आतल्या बाजूचे डाग राहिले, त्यांच्यावर मसाल्याचा डबा ठेवला. तपासणीला आलेल्या बाईने फोटो काढले ते भिंतींचे, अंगणातल्या गवताचे आणि ओव्हनचे. ओव्हन आम्ही तोवर उघडूनही पाहिला नव्हता.

मुलगा जूनमधला. तिथं 30 एप्रिलपर्यंत तीन पूर्ण असतील तरच त्या वर्षी तीन वर्षांच्यांच्या किंडरला, म्हणजे बालवाडीला, घेतात, आणि त्यांचं शैक्षणिक वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं. म्हणजे अर्धं वर्ष तो घरी. पाळणाघराचा दिवस दीडशे डॉलरच्या आसपास. आमच्यासारख्या कायम व्हिसावाल्यांना त्यात सरकारी सवलत मिळते, तरीही मी घरी असताना कशाला, असा हिशोब आम्ही केला. हिशोब बरोबर होता, फक्त हिवाळा फार लांब होता. सव्वापाचला अंधार. घरं अशी की दाराच्या फटीतून वारा येतो, आणि हीटर लावला की बिलाचा आकडा डोळ्यांपुढे.

मला तारलं ते लायब्ररीने. आठवड्यातून काही सकाळी लहान मुलांसाठी गाणी-गोष्टी असतात, फुकट, नाव घालायची गरज नाही. सगळ्या आया मुलांना मांडीवर घेऊन सतरंजीवर बसतात. आमचं पोर पहिले काही आठवडे माझ्या पदराला, म्हणजे जॅकेटला, चिकटून बसायचं. तिथं एक पंजाबी आजी नातवाला घेऊन यायच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला पंजाबी येत नव्हतं. कणीक कुठल्या दुकानात चांगली मिळते इथपासून मुलाला वाफ कधी द्यायची इथपर्यंत सगळं आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत बोललो. मेलबर्नमधली माझी पहिली मैत्रीण त्या. वय सत्तरच्या पुढे.

लसीकरणाचं आधीच सांगून ठेवते. किंडरला नाव घालताना मुलाच्या लसींचा सरकारी नोंदवहीतला उतारा लागतो, आपली फाइल दाखवून भागत नाही. ती नोंद तिकडच्या डॉक्टरकडून किंवा नर्सकडून करून घ्यावी लागते. आमच्या सांगलीतल्या डॉक्टरांचं अक्षर नर्सने फाइल उभी-आडवी करून पाहिली तरी लागेना. शेवटी कामाला आले ते फाइलमध्ये चिकटवलेले लसीच्या बाटलीवरचे छोटे छापील स्टिकर. त्यावर नाव, बॅच, सगळं. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून प्रत्येक लसीचं नाव आणि तारीख टाइप करून, सही-शिक्क्यासह घ्यावी. तरीही तिकडच्या वेळापत्रकातल्या एक-दोन लसी वाढीव द्याव्या लागतात, आम्हाला मेनिंगोकॉकलची द्यावी लागली.

साडेतीन वर्षांची तपासणी तिथं माता-बाल आरोग्य केंद्रात फुकट होते. त्या नर्सने डोळे, दात, बोलणं सगळं पाहिलं. मी विचारलं, आता घरात इंग्रजी सुरू करू का? ती म्हणाली, घरात तुमचीच भाषा बोला, इंग्रजी तो बाहेरून आणेल. आणलं! आता इथं आजीला "नो थँक यू" म्हणतो आणि आजी रुसते.

किंडर आठवड्याला पंधरा तासांपर्यंत, फुकट. टोपी आणि सनस्क्रीन सक्तीचं, टोपी नसेल तर सावलीतच खेळायचं. लिहिणं-वाचणं शून्य. चिखल, पाणी, गांडुळं. आणि खरी परीक्षा आता इथं आल्यावर सुरू झाली. जाऊबाईंचा मुलगा त्याच्याच वयाचा, ज्युनिअर केजीत, चौकटीच्या वहीत आकडे काढतो. आमचा सांगतो, "मी गांडुळांना बंगला बांधला." सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन, "तिथं शिकवणी मिळत नाही का गं?" आमचा जूनचा असल्यामुळे त्याची शाळा 2027 च्या सुरुवातीला, साडेपाच वर्षांचा होऊन गेल्यावर. हे मी अजून सासूबाईंना सांगितलेलं नाही.

पैशांचं सगळे सांगतात, डॉलरचे रुपये करायला गुणत बसू नका. मी गुणायचे आणि अजून गुणते. बाहेर कॉफी प्यायची असेल तेव्हा गुणावं, मुलाचं जॅकेट आणि हीटर यांना गुणू नये, एवढाच माझा नियम.

बाकी टॅक्स फाइल नंबर, मेडिकेअर (सरकारी आरोग्य योजना), बँक हे सगळं पहिल्या पंधरवड्यात सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

---

भडंगवाला

ताई, लई झ्याक लिवलंय. गांडुळांचा बंगला वाचून चहा सांडला. आता कामाचं बोला. भडंग नेता येतंय का? आणि वाटेत साताऱ्यात उतरून कंदी पेढे घेतले तर?

---

आयर्विनपूल

@भडंगवाला, पेढे नाहीत. दुधाची मिठाई विमानतळावर काढून घेतात. कंदी पेढा असो नाहीतर बर्फी, एकच न्याय. भडंग आम्ही नेलं होतं, उतरताना भरायच्या कार्डावर "खाद्यपदार्थ आहेत" ला हो टिक करून. अधिकाऱ्याने पाकीट उलटंपालटं केलं, कढीपत्त्याकडे बराच वेळ बघितलं, तळलेला आहे म्हटल्यावर सोडलं. तुमच्या वेळचा अधिकारी सोडेलच असं नाही. जाहीर केलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड. ताजा कढीपत्ता, बी-बियाणं, फळं यांच्या तर वाटेलाच जाऊ नका.

---

कराडचा_बंड्या

ताई, नमस्कार. आमचं 491 व्हिसाचं आमंत्रण आलंय, साउथ ऑस्ट्रेलिया. बायको जीएनएम नर्स आहे, मिरजेत शिकलेली, मुलगी दोन वर्षांची. घरचे म्हणतात आधी तू एकटा जा, जम बसव, मग वर्षाने त्यांना ने. तुमचं मत काय?

---

मिरजसिस्टर

बंड्या, मी ॲडलेडमध्येच आहे, मूळची मिरजेची. 491 पाच वर्षांचा असतो आणि त्यावर रीजनल भागातच राहावं, काम करावं लागतं. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून जवळजवळ सगळं रीजनल धरतात, ॲडलेडसुद्धा. तीन वर्षं अटी पाळल्या की 191 या कायम व्हिसाला अर्ज. मेडिकेअर 491 वाल्यांना मिळतं, म्हणून बाळाच्या दवाखान्याची फार काळजी करू नका.

बायकोचं नीट वाच. भारतात शिकलेल्या नर्सला इथं थेट नोंदणी मिळत नाही. आधी पात्रतेची छाननी, मग एनसीएलईएक्स ही संगणकावरची परीक्षा, मग ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. ती इथं ॲडलेडलाच होते, म्हणजे तुमचं विमानभाडं तरी वाचेल. शिवाय इंग्रजीची परीक्षा. छाननीला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज कराडमध्ये बसूनच सुरू करा. मिरजेतल्या कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट, तासांचा तक्ता, कौन्सिलचं पत्र हे सगळं समोर उभं राहून घ्यायचं असतं. इथून फोनवर ते होत नाही. माझं एक पत्र मिळायला भावाला कॉलेजच्या इतक्या फेऱ्या पडल्या की शेवटी शिपाई त्याला चहा पाजायला लागला.

आधी एकटा जा म्हणणाऱ्यांना सांग, वर्ष फार होतं. घर मिळेपर्यंत, दोन-तीन महिने, ठीक आहे. त्यापुढे तू तिथं रुळलेला असशील आणि ती नवीन. मग तू तिला सतत शिकवत बसतोस आणि दोघांचीही चिडचिड. मी वॉर्डात अशी जोडपी पाहते.

आणखी एक. रुग्णवाहिका मेडिकेअरमध्ये येत नाही. क्वीन्सलँड आणि टास्मानियात तिथल्या रहिवाशांना फुकट असते, बाकी ठिकाणी बिल येतं आणि ते हजारात असू शकतं. वर्षाची वर्गणी भरून टाका, व्हिक्टोरियात कुटुंबाला शंभर डॉलरच्या आसपास आहे. नंबर 000, आपला 108 डोक्यातून काढा.

मेलबर्नवाल्यांसाठी: ऑक्टोबर ते डिसेंबर गवताच्या परागकणांचा हंगाम. 21 नोव्हेंबर 2016 ला तिथं वादळानंतर हजारो लोकांना एकाच संध्याकाळी दमा उसळला, दहा जण गेले. त्यात आधी कधी दमा नसलेलेही होते, आणि आपल्याकडून आलेल्यांचं प्रमाण बरंच होतं. वसंतात शिंका सुरू झाल्या तर सर्दी म्हणून अंगावर काढू नका.

---

सिडनीकर_जुना

सगळं वाचलं. चांगलं आहे, पण हल्लीच्या पोरांना सगळं आयतं मिळतं असं मला वाटतं. आम्ही 1998 मध्ये साताऱ्याहून आलो तेव्हा व्हिडिओ कॉल नव्हता, फोनकार्डावर मिनिटं मोजून बोलायचो. गवार मिळाली तर चार घरांना फोन जायचा. आता हॅरिस पार्कला गेलं की वाटतं मोती चौकात आलो. तरी तक्रारी.

उपयोगाचं सांगतो. जुनी गाडी घेताना रेगो म्हणजे नोंदणी किती महिन्यांची शिल्लक आहे ते पाहा. रेगोतला सक्तीचा विमा फक्त माणसाच्या इजेचा असतो. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही, तो विमा वेगळा घ्यायचा. नवीन आलेले हे विसरतात आणि मग एखाद्या महागड्या गाडीला घासतात. दुसरं, सात वर्षांखालच्या मुलाला गाडीत खास सीट लागते, "मांडीवर घेते" हे इथं चालत नाही. आणि शाळेचं, न्यू साउथ वेल्समध्ये 31 जुलैपर्यंत पाच पूर्ण होणारं मूल त्या वर्षी शाळेत जाऊ शकतं. धागाकर्तीचा जूनचा मुलगा सिडनीत असता तर 2026 मध्येच शाळेत गेला असता. सासूबाईंना सांगून बघा.

---

आयर्विनपूल

@सिडनीकर_जुना, काका, सासूबाईंना हे कळलं तर त्या आम्हाला सिडनीला हलायला लावतील, कृपया त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.

आयतं मिळतं म्हणालात, दुकानाच्या बाबतीत शंभर टक्के मान्य. पण व्हिडिओ कॉलचं मला उलटं वाटतं. फोन समोर असला की आपण अर्धे सांगलीतच राहतो. पहिल्या हिवाळ्यात माझी सकाळ जायची ती इथल्या घरातली सकाळ बघण्यात, कोण कुठं गेलं, दूधवाला आला का. तुम्हाला ते शक्यच नव्हतं, म्हणून तुम्ही शेजारी जाऊन दार वाजवलंत.

@मिरजसिस्टर, मनापासून आभार. बंड्यादादा, माझंही मत तेच, एकत्र जा.

---

विश्रामबाग_आजोबा

मुलगा मेलबर्नला आहे. आम्ही उभयता व्हिजिटर व्हिसावर तीन महिने राहून आलो. इकडच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

एक, वेळ. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास. ते रात्री आठला नातीला झोपवण्याआधी फोन करतात तेव्हा इकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन आणि... चुकलो, त्यांच्या हिवाळ्यात साडेतीन, त्यांच्या उन्हाळ्यात अडीच. अडीच म्हणजे आमची वामकुक्षी. आम्ही संध्याकाळी दिवा लावून मोकळे होतो तेव्हा तिकडे नात गाढ झोपलेली असते. सौ. ने शेवटी झोपेची वेळ बदलली.

दोन, तिकडे गेल्यावर आमचं काय होतं. घर सुरेख, हवा स्वच्छ, मुलगा-सून जिवापाड करणारी. पण दिवसभर रस्त्यावर माणूस दिसत नाही. मी रोज सकाळी फिरायला निघायचो, कुत्र्यांना फिरवणाऱ्या लोकांशी "गुड मॉर्निंग" व्हायचं, संपलं. वसंतात तर मॅगपाय नावाचा पक्षी डोक्यावर झडप घालायचा, पिल्लांच्या काळात त्यांना कुणी घरट्याजवळ आलेलं खपत नाही. आमराईतला आमचा कट्टा रोज आठवायचा. आई-वडिलांना बोलवायचं असेल तर नुसतं तिकीट काढू नका, जवळपास चालत जाण्याजोगं ग्रंथालय किंवा देऊळ आहे का ते आधी बघा. आणि भेटीसाठी येणाऱ्यांचा वैद्यकीय विमा काढल्याशिवाय विमानात बसवू नका.

---

वेण्णाकाठ

मी साताऱ्याची, शाहूपुरी. आम्ही पर्थहून वर्ष पुरं व्हायच्या आत परत आलो. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण परत आलेल्यांचं कुणी लिहीत नाही.

नवऱ्याचं काम खाणीवर. पर्थमध्ये ही पद्धत सर्रास आहे, विमानाने खाणीवर जायचं, दोन आठवडे तिथं, एक आठवडा घरी. पगार भरपूर. मी आणि एक वर्षाची मुलगी दोन-दोन आठवडे एकट्या. रात्री ताप चढला की ठरवायचं कुणी, मीच. आमच्यात भांडण झालं नाही, पैसे कमी पडले नाहीत, कुणी वाईट वागलं नाही. आम्हाला हे असं जगायचं नव्हतं, एवढंच. इथं आल्यावर पोवई नाक्यावर भेटणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारतो, "काय झालं गं?" काही झालं नाही.

माहितीसाठी, परत आलं म्हणजे लगेच पीआर जातं असं नाही. कायम व्हिसावर येण्या-जाण्याची मुभा पाच वर्षांची असते. त्यानंतर तिकडे परत जायचं तर रेसिडेंट रिटर्न व्हिसा लागतो, आणि मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं तिथं राहिलेलं असेल तर तो सोपा जातो. आमचे परतीचे दोर अजून कापलेले नाहीत.

नोकरीची ऑफर बघताना नुसता आकडा बघू नका, माणूस महिन्यातल्या किती रात्री घरी असेल ते विचारा.

---

भडंगवाला

@वेण्णाकाठ, ताई, पटलं. आपल्याकडं माणूस परत आला की लोकांना वाटतंय पोलिसांनी आणून सोडला.

---

कराडचा_बंड्या

सगळ्यांचे आभार. घरच्यांना मिरजसिस्टर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. आई म्हणाली, "नर्सबाई बरोबर बोलतीय." एकत्र जायचं ठरतंय. आता शेवटचे दोन प्रश्न. आयर्विनपूलताई, तुमच्या स्वतःच्या कामाचं काय झालं ते लिहिलंच नाही. आणि बायको विचारतेय, मिक्सर न्यावा का?

---

आयर्विनपूल

@वेण्णाकाठ, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो "एकदम झकास" म्हणाला नाही, बराच वेळ काहीच म्हणाला नाही.

बंड्यादादा, माझं काम. शिक्षक म्हणून शाळेत उभं राहायला राज्याच्या शिक्षक संस्थेची नोंदणी लागते. त्यासाठी पदवी आणि बी.एड. मिळून किमान चार वर्षांचं शिक्षण आणि इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत बोलणं व ऐकणं 8, वाचन-लेखन 7. माझं बोलणं तिथं अडतं. इंग्रजी येतं हो, पण सांगलीचं. तोवर एका शाळेत मुलांना शाळा सुटल्यावर सांभाळतात तिथं कॅज्युअल काम करते, मुलगा किंडरला असतो त्या दिवशी आणि नवरा घरून काम करतो त्या संध्याकाळी. मुलांबरोबर काम करायचं म्हणून वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे पार्श्वभूमीची सरकारी पडताळणी, काढावं लागलं. कॅज्युअल म्हणजे पगारी रजा नाही, त्याबदली तासाला पंचवीस टक्के जास्त. 1 जुलै 2025 ला देशाचं किमान वेतन ताशी 24.95 डॉलर झालं, चालू किमान वेतनाखाली कुणी देत असेल, मग तो आपलाच मराठी दुकानदार का असेना, तर नाही म्हणा. हा शेवटचा मुद्दा ऐकीव नाही, एवढंच सांगते.

काम म्हणजे सँडविच कापणं, भांडणं सोडवणं आणि गृहपाठ. एका पोराला अपूर्णांक समजत नव्हते, त्याला मी चपातीचे तुकडे करून दाखवले. दुसऱ्या दिवशी चार जण वही घेऊन आले, चपातीसाठी. वर्षभरात स्वतःच्या नावाने मला कुणी हाक मारली ती तिथं, त्याआधी मी "अमक्याची आई" आणि "तमक्याची पार्टनर" होते.

बायकोच्या चालकपरवान्याचं लगेच बघा. आम्ही व्हिक्टोरियातले, तिथं कायम व्हिसावाल्याला भारतीय परवाना सहा महिनेच चालतो. मग लेखी, धोका ओळखण्याची संगणकावरची आणि प्रत्यक्ष चालवण्याची अशा परीक्षा. तुमच्या राज्याचा नियम तिथल्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर बघा. गाडी डावीकडूनच चालते, ते सोपं. प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी सांगितलं, हॉर्न आहे हे विसरा. गोल चौकात आधीच शिरलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, विश्रामबाग चौकात शिकलेल्या माणसाला याची सवय लागायला वेळ लागतो. दोघांनीही परवाना काढा. घरात गाडी चालवणारं एकच माणूस असेल तर दुसरं माणूस घरात अडकतं.

मिक्सर न्या. वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, फक्त पिना वेगळ्या, तिरक्या. ॲडॉप्टर तिथं मिळतात, पण मिक्सरसारख्या जड गोष्टीला इलेक्ट्रिशियनकडून प्लगच बदलून घ्या. कुकरही न्या, आणि त्याच्याबरोबर त्याच मापाच्या दोन-तीन जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. आमची रिंग गेली तेव्हा टार्निटच्या चार दुकानांत कुकर मिळत होते, रिंग एकाकडेही नव्हती.